वृक्षरुहा की वृक्षादनी?

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात ‘वंदा’ या शब्दाचे पर्याय दिलेले आहेत. त्यांत ‘वृक्षादनी’ आणि ‘वृक्षरुहा’ असे दोन शब्द एकमेकांना लागून बसले आहेत. वृक्षादनी म्हणजे झाडाला खाणारी आणि वृक्षरुहा म्हणजे झाडावर उगवणारी. अमरसिंहाने हे दोन्ही शब्द एकाच वस्तूचे मानले आणि कोश पाठ करणाऱ्या पिढ्यांनी ते तसेच म्हटले. एखाद्या झाडावर दुसरे काही उगवले की ते त्या झाडाला खातच असणार, हा समज इतका जुना आहे. मराठीत तो ‘बांडगूळ’ या शब्दाला चिकटला आणि तिथून शिवीत गेला.

आमच्या सीमाभागात ही शिवी दोन्ही भाषांच्या माणसांना कळते. सभेत ती दुसऱ्या भाषेच्या माणसाला उद्देशून येते. घरात ती मुलाच्या संसारात राहायला आलेल्या म्हाताऱ्याला उद्देशून येते. भावाच्या दारी परत आलेल्या बहिणीला तर कुणी तोंडावर म्हटले नाही तरी ऐकू येते. वापरणाऱ्याने बांडगूळ निरखून पाहिलेले असते असे मात्र नाही. म्हणून आधी झाडावर काय आहे ते पाहावे आणि मग माणसांकडे वळावे, असे मी ठरवले आहे. माझे एम. ए. तत्त्वज्ञानात झाले. वनस्पतींचे जे थोडेफार कळते ते शाळेतल्या विज्ञानाच्या सहकाऱ्यांबरोबर रानात हिंडून. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

बेळगावहून जांबोटीमार्गे कणकुंबीला जाणारा रस्ता पुढे चोर्ला घाटाकडे वळतो. मलप्रभेचा उगम कणकुंबीचाच. मे सरत आला आणि वळवाचे दोन-चार पाऊस होऊन गेले की या पट्ट्यातल्या आंबा, फणस, जांभूळ, आईन अशा झाडांवरून पांढरे-गुलाबी घोस खाली लोंबू लागतात. लांबून पाहणाऱ्याला कुणीतरी झाडाला गजरे माळले आहेत असे वाटावे. हीच सीतेची वेणी. आमरी कुळातली, म्हणजे आपण ज्यांना ऑर्किड म्हणतो त्यांतली. शास्त्रीय नाव रिंकोस्टायलिस रेट्युसा. आमचे कानडी शेजारी तिला ‘सीताळे दंडे’ म्हणतात. दोन्ही नावांत सीता एकच आहे. तिकडे आसामात हेच ‘कपौ फूल’. बिहूच्या नाचात मुली ते केसांत माळतात, आणि आसाम व अरुणाचल या दोन्ही राज्यांचे ते राज्यपुष्प आहे.

एका घोसात शंभरावर फुले असू शकतात. फूल जेमतेम दोन सेंटिमीटरचे, पांढरे, त्यावर जांभळट-गुलाबी ठिपके. पाने पट्ट्यासारखी लांब, जाड, मध्ये पन्हाळीसारखी खोलगट आणि दोन रांगांत लागलेली. पानाच्या टोकाला खाच असते. ‘रेट्युसा’ हे नाव त्या खाचेवरून पडले. पण मला विचाराल तर पाहण्यासारखी आहेत ती मुळे. करंगळीहून थोडी बारीक, राखाडी-पांढरी मुळे सालीवर पसरतात, काही नुसतीच हवेत लोंबतात. साल फोडून एकही आत शिरत नाही. मुळाभोवती मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण असते. कोरड्या दिवसांत त्या पेशींत हवा भरलेली म्हणून मूळ पांढरे दिसते. पावसाची सर आली की आवरण पाणी शोषून घेते, पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग वर दिसू लागतो. मुलांना हा प्रयोग मी आवर्जून दाखवतो. पाण्याचे चार थेंब टाकायचे आणि पाहत राहायचे.

पाणी पावसाचे आणि धुक्याचे. क्षार मिळतात ते सालीच्या खोबणीतल्या कुजक्या पानांतून, धुळीतून, पाखरांच्या विष्ठेतून. अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत स्वतःच करायचे. दिवाळीनंतर वळवापर्यंत सहा महिने आभाळ कोरडे असते, तेव्हा पाणी जपण्यासाठी अशा जाड पानांच्या अनेक आमरी पानांवरची रंध्रे दिवसा मिटून ठेवतात व रात्री उघडतात. रात्री हवेतून घेतलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाच्या रूपात साठवून दुसऱ्या दिवशीच्या उन्हात वापरतात. झाडाच्या रसाचा एक थेंबही यात कुठे लागत नाही.

याच्या शेजारी आता बांडगूळ ठेवून पाहा. तेही हिरव्या पानांचे आहे आणि आपले बरेचसे अन्न तेही स्वतः करते. मात्र त्याची शोषक मुळे फांदीच्या लाकडात शिरतात आणि पाणी व क्षार आंब्याच्या कष्टाचे घेतात. शास्त्राच्या भाषेत ते अर्धपरजीवी. त्याची चिकट बी फुलटोच्या हा चिमुकला पक्षी फांदीला पुसून जातो आणि तिथे नवे बांडगूळ उगवते. पूर्ण परजीवी पाहायचा तर अमरवेल पाहावी. मोठी झालेली ही वेल म्हणजे पिवळे दोरे. तिला पाने नाहीत आणि जमिनीशी संबंधही उरलेला नाही. म्हणजे शिवी म्हणून वापरायला अमरवेल अधिक योग्य होती, पण नाव सुंदर म्हणून ती सुटली. आपल्याकडे माणसांचेही असेच होते.

इथवर निकाल सोपा वाटतो. बांडगूळ वाईट, वेणी चांगली. आपण वेणीसारखे राहावे, कुणाचे काही घेऊ नये. सुविचाराच्या फळ्याला एवढे पुरे. पण वेणीचा हिशेब आणखी थोडा तपासला तर तो इतका स्वच्छ राहत नाही.

पहिली गोष्ट तिच्या बालपणाची. आमरीच्या एका बोंडात धुळीसारख्या बारीक बिया लाखांनी असतात. या बीजात पुढच्या रोपासाठी शिदोरीच नसते. रानात बी रुजायचे तर एखादी बुरशी तिच्यात शिरावी लागते. ती बुरशी पुरवील त्या अन्नावर पहिले दिवस काढायचे, मग हिरवा कोंब. नोएल बर्नार या फ्रेंच संशोधकाने हे 1899 साली दाखवून दिले. बुरशीऐवजी साखर घातलेल्या माध्यमावरही बी रुजते, हे अमेरिकेतल्या लुईस नडसनने 1922 मध्ये सिद्ध केले. स्वावलंबनाचा नमुना म्हणून ज्या रोपाकडे आपण बोट दाखवतो त्याची सुरुवात दुसऱ्याच्या ताटात झालेली असते.

दुसरी गोष्ट उंचीची. घनदाट रानाच्या जमिनीवर ऊन फार थोडे पोचते. वीतभर उंचीच्या या रोपाला ऊन हवे असते आणि खोड उभारण्याची त्याची ऐपत नसते. आंब्याने पन्नास वर्षे घालून जी उंची कमावली ती त्याला आयती मिळते. रस घेतला नाही हे खरे. पण उंची घेतली आणि तिच्याबरोबर येणारे ऊन घेतले. या घेण्याने झाडाचे काही कमी होत नाही, म्हणून ते घेणे नव्हेच, असे म्हणता येईल का?

मला वाटते आपला प्रश्न इथे आहे. दुसऱ्याच्या आधाराने राहणाऱ्याने त्याचे काही बिघडवले नाही, एवढ्याने तो ऋणमुक्त होतो काय?

इथे एक सावधगिरी. वनस्पतीला नीती नसते. वेणीने झाडाचे आभार मानावेत असे कुणी म्हणत नाही. ‘असे आहे’ यावरून ‘असे असावे’ हे निघत नाही, हे डेव्हिड ह्यूमने 1739-40 च्या आपल्या ग्रंथात दाखवून ठेवले आहे. झाड पाहून माणसाची कर्तव्ये ठरत नाहीत. झाड पाहून एवढेच होते की आपण वापरत असलेले शब्द, म्हणजे घेणे, खाणे, आधार, नुकसान, हे किती सैल आहेत ते कळते.

दोन वर्षांपूर्वी नववीच्या वर्गावर हा भाग मी शिकवत होतो. एका मुलीने उभे राहून विचारले, “सर, मग आपण कोण? बांडगूळ की वेणी?” बसस्टँडवर कुणाच्या तरी भांडणात तिने तो शब्द ऐकला होता. वर्गात थोडी खसखस पिकली आणि मग सगळेच गप्प झाले. मी तिला म्हटले, “तू झाड कोणाला धरतेस ते आधी सांग.” तिने विचार केला आणि म्हणाली, “घरी विचारून सांगते.”

घरी विचारण्यासारखाच प्रश्न आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत आमचा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. त्याविषयीचा दावा 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचा निवाडा तिथे व्हायचा, या लेखात नाही. आमची घरे इथे 1956 च्या आधीपासून आहेत. आमच्या शेजाऱ्यांचीही आहेत. मग आम्ही वेणी आणि ते झाड, हे गणित पहिल्याच पायरीवर चुकते. ते उलटे मांडले तरी चुकते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे इथल्या मराठी घरांची कथा तर आणखी वेगळी. अठराव्या शतकात होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या राज्यांबरोबर ती घरे तिकडे गेली. ज्यांच्या पूर्वजांच्या फांदीवर त्या काळी इतरांनी आधार घेतला, त्यांची नातवंडे आज इतरांच्या फांदीवर आहेत. मला विचाराल तर आमच्याकडचे झाड म्हणजे हे गाव: त्याचे पाणी, त्याची बाजारपेठ, त्याचे रस्ते. दोन्ही भाषा त्याच्यावर लोंबतात.

वेणीच्या नावाचा एक जुना दाखला या संदर्भात मोलाचा आहे. डच अधिकारी हेन्रिक व्हान र्‍हीड याने मलबारच्या वनस्पतींवर ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला छापला गेला. त्याच्या शेवटच्या खंडात ही आमरी ‘अंजिली मरवाळ’ अशा मल्याळी नावाने आली आहे. अंजिली हे फणसाच्या जातीतले मोठे रानझाड. म्हणजे रोपाच्या नावात झाडाचे नाव आधी. पुढे 1753 मध्ये लिनियसने तिला ‘एपिडेंड्रम’ म्हणजे ‘झाडावरचे’ या गटात घातले आणि 1825 मध्ये ब्लूमने आजचे नाव दिले. त्यात झाड उरले नाही, पानाची खाच उरली.

याच ग्रंथाच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तीन वैद्यांनी 1675 साली लिहून दिलेले प्रमाणपत्र छापलेले आहे. लिपी देवनागरी, भाषा कोंकणी. कोचीतल्या ज्या कोंकणी समाजातले हे वैद्य, तो पोर्तुगीज अमलात गोवा सोडून तिकडे गेला आणि कोचीच्या राजाच्या आश्रयाने राहिला. परमुलखात शंभरावर वर्षे काढून त्यांनी आपली भाषा आणि लिपी ठेवली. आणि इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याच्या जोडीला बसून त्या मुलखातल्या झाडाझुडपांची माहिती सांगितली, तीही त्याच मुलखाविषयीच्या ग्रंथासाठी. आपली भाषा राखणे आणि जिथे राहतो तिथल्या गवताचे नाव माहीत असणे, ही दोन कामे एकाच माणसाकडून होऊ शकतात, याचा याहून चांगला पुरावा मला माहीत नाही. आमच्याकडे ही दोन कामे एकमेकांच्या विरुद्ध आहेत असे मानणारे बरेच भेटतात.

माझे वडील बेळगावात वार लावून जेवत शिकले. आठवड्याची सात घरे. त्यांतली दोन कानडी. वडिलांची कानडी तिथल्या स्वयंपाकघरांतली होती. पदार्थांची नावे अचूक, व्याकरण दिव्य. त्या सातांपैकी एकाही घराची परतफेड त्यांनी केल्याचे मला ठाऊक नाही. करायला गेले असते तर त्या घरांना ते आवडलेही नसते. पण आमच्या घरी पुढे तीस वर्षे कुणी ना कुणी मुलगा शिकायला राहिलेला असे. आई कधी कधी कुरकुरायची, वडील म्हणायचे, “सातांचे आहे, एकावर भागतेय.” आपल्या परंपरेतली ऋणाची कल्पना अशीच आहे. ऋषींचे ऋण ऋषींना परत द्यायचे नसते, ते अध्ययनाने फिटते. पितरांचे ऋण संततीने फिटते. देणे पुढे जाते. व्यापारी हिशेबाला हे पटणार नाही, कारण त्यात ज्याचे घेतले त्याचेच खाते बंद व्हावे लागते.

सीतेचे नाव या फुलाला का पडले असेल ते लोकांच्या मनाला माहीत. पण रामायणात तिचे दोन आश्रय आहेत आणि ते दोन्ही या प्रश्नाला लागू पडतात. अशोकवनात ती रावणाशी बोलताना मध्ये गवताची काडी ठेवते आणि त्याचे काही घेत नाही. तिथे न घेणे हाच तिचा धर्म होता, कारण तो आश्रय नव्हता, कैद होती. वाल्मीकींच्या आश्रमात मात्र तिने मध्ये काडी ठेवली नाही. तिथे तिची मुले वाढली, शिकली आणि त्यांनी वाल्मीकींचे काव्य लोकांत गाऊन दाखवले. आश्रयदात्याला शेजारी मानायचे की पहारेकरी, यावर बरेच ठरते. आमच्या भागात काही घरांत चाळीस-चाळीस वर्षे गवताची काडी मध्ये ठेवून राहण्याची सवय झाली आहे. आम्ही कुणाचे काही घेत नाही, कुणाला त्रास देत नाही. यात खोटे काही नाही. फक्त झाडाचे काय चालले आहे ते त्या घरांना कळत नाही.

हे कसे ते सांगतो. आमच्या जवळचा एक रस्ता रुंद झाला आणि दोन्ही कडेचे जुने आंबे पडले. झाडे तोडण्याविषयीची सूचना हरकती मागवण्यासाठी कानडी वर्तमानपत्रात आली होती. आमच्या आळीत बहुतेक घरी मराठी वर्तमानपत्र येते. करवती आल्या तेव्हा लोकांना कळले आणि मग पुष्कळ हळहळ झाली. सावली गेली, मोहर गेला, मे महिन्यातल्या त्या वेण्या गेल्या. आडव्या पडलेल्या फांद्यांवर वेणीची मुळे तशीच चिकटून होती. तिने त्या झाडाचा थेंबभर रस घेतला नव्हता, आणि तरी झाड गेल्यावर तिलाही फार दिवस नव्हते. जमिनीच्या ओलीत आणि सावलीत ती कुजते.

वनखात्याच्या माणसाला सांगून आम्ही मुलांबरोबर काही जुड्या सोडवून आणल्या. थोड्या शाळेच्या आंब्यांना काथ्याने बांधल्या, चार शेजारच्या शेतातल्या फणसाला. शेताचे मालक कानडी, वयाने माझ्याहून मोठे. त्यांनी आधी अमरकोशातलाच प्रश्न विचारला, “मास्तर, हे माझ्या झाडाला खाणार तर नाही ना?” मी मुळे दाखवली, पाण्याचा प्रयोग दाखवला. ते ऐकून त्यांनी मान डोलावली आणि पुन्हा विचारले, “बरं, खाणार नाही. मग झाडासाठी काय करणार?”

याला शास्त्रातले प्रामाणिक उत्तर असे, की त्या फणसासाठी ती काही करत नाही. उलट मोठी जुडी पावसात भिजून जड झाली तर कुजक्या फांदीला भारच. मी तसे सांगितले. ते म्हणाले, “मग तिच्याकडून तुम्ही करा. उन्हाळ्यात फणसाला चार घागरी पाणी घाला.” त्यामुळे दर रविवारी आठवीच्या दोन मुलांची पाळी असते. एक जुडी वाळली. तीन धरल्या, त्यांची मुळे आता काथ्या सोडून सालीवर गेली आहेत. शाळेच्या मागे नीलगिरीची रांग आहे. तिची साल दरसाल सुटून पडते, तिच्यावर बांधून उपयोग नाही, हे मात्र मुलांनी मला सांगितले.

जूनपासून शाळेच्या फलकावर मराठी वर्तमानपत्राशेजारी कानडीही लावतो. जाहीर सूचनांचे पान मुले आधी वाचतात असे म्हणणे धाडसाचे होईल. ती क्रिकेटचे पान वाचतात. पण मागच्या महिन्यात एका मुलाने तळ्याकाठच्या झाडांविषयीची चार ओळींची सूचना वहीत उतरवून आणली. दोन शब्द त्याला अडले होते. त्यांतला एक मलाही अडला, तेव्हा आम्ही दोघे फणसाच्या मालकांकडे गेलो.